रोजंदार

(तृतीय वर्ष कला)

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्यात कविता नाहीत, मैत्रिणींच्या सह्या नाहीत, हिशेबही नाहीत. तिच्यात फक्त पत्ते आहेत, दरवर्षी एक. २०१७ च्या पानावर नागपूरच्या एका हॉटेलचा पत्ता आहे. २०१८ च्या पानावर हरियाणातल्या सोनिपतजवळच्या एका शिबिराचा. २०१९ च्या पानावर अहमदाबाद. २०२० चे पान कोरे आहे. त्यापुढच्या पानांवर मुंबई, कळवा आणि पुन्हा मुंबई. दादाला राखी कुठे पाठवायची हे लक्षात राहत नसे, म्हणून बारा वर्षांची असताना मी ही वही घातली. पुढे तिच्यात माझ्या भावाचे सारे आयुष्य येऊन बसेल, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

माझा दादा कबड्डीपटू आहे. ‘व्यावसायिक कबड्डीपटू’ असे म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दूरदर्शनच्या पडद्यावरचा झगमगाट उभा राहतो. दादा त्या झगमगाटात होता, पण दिव्याच्या कडेला. तो नामवंत झाला नाही आणि अगदीच टाकाऊही ठरला नाही. खेळाच्या दुनियेत या दोहोंच्या मधे फार मोठी वस्ती आहे. तिच्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

आमचे गाव पनवेल तालुक्यात, खाडीच्या काठचे. ‘होते’ असे म्हणायला हवे, कारण आता त्या जागेवर नवी मुंबईचा विमानतळ आहे. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि त्या परिसरातली दहा गावे उठून नव्या वसाहतीत गेली, त्यांपैकी आमचे एक. गावदेवीच्या देवळामागे आमचे कबड्डीचे मैदान होते. भाताची कापणी झाली की पोरे तिथली ढेकळे फोडत, माती चाळत, पाणी मारून ती चोपत आणि चुन्याने रेघा ओढत. त्या मातीत अनवाणी खेळूनच दादा मोठा झाला. आमचे आबा त्याला हुतुतूच म्हणायचे. ‘कबड्डी’ हे नाव त्यांच्या तोंडी कधी बसलेच नाही.

रायगड जिल्ह्यात या खेळाचे वेड किती आहे हे मी सांगायला नको. आपल्या महाविद्यालयातली निम्मी मुले अशाच मैदानांवरून आलेली आहेत. १५ जुलै हा शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो ‘कबड्डी दिन’ म्हणून पाळतात. आमच्या गावात त्या दिवशी मैदानाला नारळ फुटत असे. पावसाने मैदानाचे तळे झालेले असले तरी फुटत असे.

दादा डाव्या कोपऱ्यात खेळतो. ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सात गडी हातात हात घालून उभे असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या शेजारी मध्यरक्षक. चढाई करणाऱ्याला तीस सेकंद असतात. तो आत शिरतो, पाय टाकतो, बोनसच्या रेषेकडे जातो. कोपऱ्यातल्या गड्याने वाट पाहायची. चढाईपटूचा पाय आपल्या टप्प्यात आला की झेप घ्यायची आणि घोटा धरायचा. क्षणभर आधी गेले तर हात रिकामा, क्षणभर उशीर झाला तर गडी बाद. पण कोपऱ्याने नुसता घोटा धरून भागत नाही. त्याच वेळी शेजारच्या मध्यरक्षकाने आडवे येऊन वाट अडवावी लागते. दोघांनी एकाच श्वासाला निघायचे. बोलायला वेळ नसतो, खूण करायलाही नसतो. ‘त्याच्या हाताच्या पकडीवरून समजतं,’ असे दादा म्हणतो. ‘त्याचा अंगठा दाबला गेला की समजायचं, निघाला.’

ही गोष्ट मी मुद्दाम लिहिली आहे. पुढे तिचा उपयोग आहे.

दादा एकोणिसाव्या वर्षी मुंबईच्या मैदानांवर खेळू लागला. आपल्याकडे कबड्डीत ‘व्यावसायिक’ हा शब्द दूरदर्शनवरच्या लीगच्या कितीतरी आधीपासून आहे. त्याचा अर्थ कंपनीचा संघ. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, देना बँक, मुंबई पोर्ट ट्रस्ट अशा नावांचे संघ स्पर्धांतून ‘व्यावसायिक गटात’ उतरत. खेडेगावातल्या पोराला या संघांचे आकर्षण करंडकासाठी नसे, नोकरीसाठी असे. खेळता खेळता चिकटलास, की पाय थकल्यावरही टेबल-खुर्ची आपली. आमच्या आजूबाजूच्या गावांतून कित्येक घरे अशी वर आली.

दादालाही एका संस्थेने घेतले, पण करारावर. अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा अकरा महिन्यांचा. ‘या वेळी कायम करतील,’ असे आई दर दिवाळीला म्हणायची. त्या काळात अशा जागा कमी होत चालल्या होत्या आणि काही संघांच्या मागच्या संस्थाच पुढे बदलल्या. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये सरकारकडून टाटांकडे गेली. दादा यांपैकी कुठल्याच संघात नव्हता, पण ज्या शिडीवरून आधीची पिढी चढली तिच्या पायऱ्या एकेक करून निघत होत्या, हे त्याला दिसत होते.

२६ जुलै २०१४ ची रात्र मला पुसटशी आठवते. मी नऊ वर्षांची होते. वरळीला प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला, यू मुंबा विरुद्ध जयपूर. यू मुंबाने तो ४५-३१ असा जिंकला. आमच्या घरात तीस-चाळीस माणसे कोंबून बसली होती. अंधारातून दिव्यांच्या झोतात धावत येणारे ते गडी पाहून आबा पहिल्यांदाच म्हणाले, ‘आरं, ह्यो तर आपलाच खेल!’ दादा काही बोलला नाही. तो पडद्यापासून हातभर अंतरावर बसून डाव्या कोपऱ्याकडे पाहत होता.

त्या पहिल्या वर्षी आठ संघ होते. लिलावात सर्वांत महाग गेलेल्या राकेश कुमारला पटण्याने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले होते. २०१७ साली संघ बारा झाले. चार संघ वाढले म्हणजे कितीतरी गड्यांना नव्याने जागा झाली. त्या वाढीव जागांपैकी एक माझ्या दादाच्या वाट्याला आली. उत्तरेकडच्या एका संघाने त्याला त्याच्या मूळ किमतीला घेतले. गावात पेढे वाटले गेले. देवळावर फलक लागला, त्यावर दादाचा फोटो आमदारांच्या फोटोपेक्षा मोठा होता.

तो हंगाम जुलैच्या अखेरीस सुरू होऊन ऑक्टोबरअखेर संपला. दादा राखीव गड्यांत होता. सगळी गल्ली रोज रात्री आठ वाजता आमच्याकडे जमायची आणि रोज साडेनऊ वाजता उठून जायची. ‘आज बी नाय उतरवला,’ म्हणायची. कॅमेरा कधी राखीव बाकावरून फिरला, की ‘त्यो बघ, त्यो बघ!’ असा गलका व्हायचा. एक दिवस कोणीतरी दुखावला आणि सामन्याची चार मिनिटे उरली असताना दादा मॅटवर गेला. त्याने एक पकड केली. समालोचकाने त्याचे नाव घेतले, आडनाव चुकीचे उच्चारले. आई देवापुढे गेली. मला आठवते, मी घड्याळ लावून मोजले होते : चार मिनिटे.

त्याच हंगामात रिशांक देवाडिगा हा आपला मुंबईचा गडी यू मुंबाकडून उत्तर प्रदेशच्या संघात गेला आणि जयपूरविरुद्ध एका सामन्यात त्याने चढाईत २८ गुण घेतले. पुढच्याच जानेवारीत, २०१८ मध्ये, हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. कल्याणचा गिरीश इरनाक डाव्या कोपऱ्यातला. दादा त्याला फार मानतो. बंगाल, पुणे, गुजरात असे संघ त्यानेही बदलले. ‘संघ बदलणं वाईट नाही,’ दादा म्हणायचा. ‘इरनाकला बघ. पण तो जातो तिथे जागा त्याची वाट बघत असते. मी जातो तिथे मला जागा शोधावी लागते.’

यातच सारे आले. दादाला पहिल्या संघाने सोडले. पुढच्या वर्षी दुसऱ्याने घेतले, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्याने. प्रत्येक संघात भाषा निराळी, जेवण निराळे, प्रशिक्षक निराळा आणि मुख्य म्हणजे शेजारचा मध्यरक्षक निराळा. वर सांगितलेली ती अंगठ्याची खूण समजायला महिने लागतात. दादाला ती समजू लागे तोवर हंगाम संपे. मग नवा संघ, नवा हात. एकाच संघात पाच वर्षे मिळती, तर तो कुठे पोचला असता हे सांगता येत नाही. पण पाच वर्षे कोणाला मिळतात? जो आधी पोचलेला असतो त्याला.

२०१८ चा उन्हाळा संपता संपता आमचे घर पाडले गेले. दादा तेव्हा सोनिपतजवळच्या शिबिरात होता. आबांनी देव्हारा, आईने पाटा-वरवंटा आणि मी दादाचे करंडक उचलले. एकूण एकोणीस करंडक, त्यांतल्या तिघांचे कान तुटलेले. नव्या वसाहतीत भाड्याची खोली घेतली. रात्री दादाचा फोन आला. ‘बये, आपल्या घरचा पत्ता सांग,’ म्हणाला. मी सांगितला, त्याने लिहून घेतला. एरवी मी त्याचे पत्ते लिहून घ्यायचे.

२०१९ साली अहमदाबादेत त्याचा गुडघा गेला. मातीत वाढलेल्या पायाला मॅट वेगळी. माती पाय थोडा घसरू देते, मॅटवर बूट धरून बसतो आणि वरचे शरीर वळते, असे डॉक्टरांनी समजावले. शस्त्रक्रिया झाली, तोवर हंगाम संपला. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे लीग झालीच नाही. संस्थेचा करारही त्या वर्षी पुढे वाढला नाही. म्हणून वहीत ते पान कोरे आहे. त्या रक्षाबंधनाला दादा घरी होता, एक पाय खुर्चीवर ठेवून. मी राखी बांधली तेव्हा तो हसून म्हणाला, ‘या वर्षी टपालखर्च वाचला.’ आई आत जाऊन रडली.

तरी तो पुन्हा उभा राहिला. पहाटे चारला उठून तो वसाहतीच्या रस्त्यावर धावायचा. कुत्री मागे लागायची, तेवढाच वेगाचा सराव. डिसेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ चा हंगाम सगळा बंगळूरला एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाला. दादा तिथे होता. साऱ्या गड्यांना बाहेर जायला बंदी होती. तो सात सामने खेळला. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला हंगाम आणि तो पाहायला मैदानात एकही प्रेक्षक नव्हता! फोनवर म्हणाला, ‘पकड केली की आवाजच येत नाही गं. फक्त आपलाच दम ऐकू येतो.’

आणि मग ५ व ६ ऑगस्ट २०२२. मुंबईत लिलाव होता. ज्यांनी कधी लिलाव पाहिला नाही, त्यांना त्याची रीत सांगते. गड्यांचे चार वर्ग असतात. त्या वर्षी ‘अ’ वर्गाची मूळ किंमत ३० लाख, ‘ब’ची २०, ‘क’ची १० आणि ‘ड’ची ६ लाख होती. प्रत्येक संघाजवळ ठरावीक रक्कम, त्यात अठरा ते पंचवीस गडी बसवायचे. नावे पाचशेच्या वर, जागा त्याहून कितीतरी कमी. त्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी २६ लाख मिळाले. पुढच्या वर्षी तोच २ कोटी ६० लाख ५० हजारांना गेला. त्याबद्दल मला तक्रार नाही. तो तसा खेळतो. पण मोठ्या नावांवर थैली रिकामी झाली की शेवटी उरलेल्या पैशांत संघ विशीतली पोरे घेतात. ती स्वस्त असतात आणि वाढतील अशी आशा असते. एकोणतीस वर्षांच्या, एक गुडघा शिवलेल्या कोपरारक्षकाकडून कोणी कसली आशा धरावी?

दादाचे नाव कोणी घेतले नाही. आम्ही रात्रीपर्यंत पाहत बसलो. पाच दिवसांनी राखीपौर्णिमा होती. दादा घरी आला नाही. कळव्याला एका मित्राच्या खोलीवर राहिला. तो पत्ता मी वहीत लिहिला तेव्हा माझा हात जड झाला होता. त्यानंतर तो मिळेल तिथे खेळू लागला. रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा, गावोगावच्या जत्रा, कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे चषक. अलिबाग, पेण, रोहा, भिवंडी, पालघर. एका रात्रीचे तीन हजार, पाच हजार. जेवण आयोजकांचे, गाडीभाडे आपले.

वाचक मित्रहो, आता मला माझ्याविषयी सांगायचे आहे आणि तेच अवघड आहे.

मी महाविद्यालयात आले तेव्हा मैत्रिणींनी विचारले, ‘तुझा भाऊ काय करतो?’ मी म्हणाले, ‘कंपनीत आहे.’ पहिल्या वर्षी म्हणाले, दुसऱ्या वर्षीही म्हणाले. खोटे एकदा बोलले की त्याची राखण करावी लागते. २०१७ साली देवळावरच्या फलकाकडे बोट दाखवणारी मीच होते आणि पुढे त्या फलकाचे नाव न काढणारीही मीच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या वसाहतीजवळच्या एका मैदानात स्पर्धा होती. आमच्या गावाचा संघ कितीतरी वर्षांनी पुन्हा उभा राहिला होता. गावच विखुरले तिथे संघ कुठला? पण नव्या पोरांनी जमवाजमव केली. ते दादाकडे आले. दादा म्हणाला, ‘आठ दिवस आधी यायला हवं होतं. मी शेजारच्या गावाला शब्द दिलाय.’ पोरे म्हणाली, ‘पैसे परत करा.’ दादा म्हणाला, ‘पैसे परत करता येतात. शब्द कसा करू?’

उपांत्य फेरीत नेमकी तीच दोन गावे समोरासमोर आली. मी माझ्या वर्गातल्या दोन मैत्रिणींबरोबर गेले होते. दादा मैदानात उतरला तसा आमच्याच गल्लीतून आवाज उठला, ‘भाडोत्री! भाडोत्री!’ आधी एक, मग दहा, मग पन्नास. ज्यांनी आमच्या घरात बसून ‘त्यो बघ, त्यो बघ’ म्हटले होते, त्यांतलेच काही.

मैत्रिणीने विचारले, ‘कोण गं तो? तुमच्याकडचा आहे का? ओळखतेस?’

मी म्हणाले, ‘आमच्या बाजूला राहतो.’

शेवटचे अर्धे मिनिट उरले होते. दादाचा संघ एका गुणाने पुढे. आमच्या गावाची शेवटची चढाई, एका सतरा-अठरा वर्षांच्या पोराची. समोर सहा गडी होते, म्हणजे बोनस घेता येत होता. एक बोनस आणि सामना बरोबरीत. पोरगा चपळ होता. त्याने उजवीकडे हूल दिली आणि एकदम डाव्या कोपऱ्याकडे येऊन पाय रेषेपार टाकला. टाकताना त्याने क्षणभर खाली पाहिले. दादाने वाकून त्याचा घोटा धरला. शेजारचा मध्यरक्षक कुठल्याशा तिसऱ्याच गावचा होता, पण तो त्याच श्वासाला आडवा आला. पंचाची शिट्टी वाजली. मैदानात बाटल्या येऊन पडल्या.

दादाने त्या पोराला हात देऊन उठवले. त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. मग मान खाली घालून, शिव्यांच्या मधून, आपली पिशवी घेऊन निघाला. तो माझ्यापासून दहा पावलांवरून गेला. त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्या मैत्रिणींकडे पाहिले आणि ओळख न दाखवता पुढे गेला. मला वाचवले त्याने. ती रात्र मला झोप लागली नाही.

त्यानंतर महिनाभराने इंग्रजीच्या तासाला एक शब्द आला, ‘जर्नीमन’. सरांनी आम्हांला अर्थ विचारला. आम्ही साऱ्यांनी सांगितले, ‘प्रवासी, भटका.’ सर म्हणाले, ‘फसलात! याचा प्रवासाशी संबंध नाही. फ्रेंचमधल्या दिवस या अर्थाच्या शब्दावरून तो आला. जुन्या युरोपात कारागिराच्या तीन पायऱ्या असत. आधी शागीर्द, शेवटी उस्ताद आणि मधे हा. याचे शिकणे पुरे झालेले असते, हातात कसब पक्के असते, पण स्वतःचे दुकान नसते. तो दिवसाच्या मजुरीवर दुसऱ्याच्या दुकानात काम करतो. आपल्या भाषेत म्हणाल तर रोजंदार.’

पुढे सरांनी सांगितले की आता हा शब्द खेळाडूंसाठी फार वापरतात, विशेषतः कॅनडा-अमेरिकेतल्या आइस हॉकीत. बर्फावर लोखंडी पात्यांच्या बुटांनी घसरत, रबराची चकती मारण्याचा तो खेळ. तिथे संघ आपापसांत गड्यांची अदलाबदल करतात. बहुतेकांना विचारतही नाहीत. मी ग्रंथालयाच्या संगणकावर बसून शोधले. माइक सिलिंजर नावाचा एक गडी त्यांच्या सर्वोच्च लीगमध्ये बारा निरनिराळ्या संघांकडून हजारावर सामने खेळला. बारा संघ! रॉबिन बावा हा पंजाबी वंशाचा, कॅनडात जन्मलेला गडी १९८९ साली त्या लीगमध्ये उतरला. भारतीय वंशाचा तो पहिलाच. त्याला चार संघांत मिळून ६१ सामने मिळाले. बाकीची वर्षे धाकट्या लीगमध्ये गेली. ६१ हा आकडा मी बराच वेळ पाहत बसले. दादाचे लीगमधले सामने मला तोंडपाठ आहेत. सगळे मिळून चौदा.

आणि मला वाटले, आमच्याकडे शब्द होता तर तो ‘भाडोत्री’. ज्याची निष्ठा विकत मिळते तो भाडोत्री. दादाची निष्ठा कोणी विकत घेतली नव्हती. त्याने विकले होते ते दिवसाचे काम आणि ते पुरेपूर मोजून दिले होते, अगदी आपल्या गावाविरुद्धसुद्धा. गवंडी दुसऱ्याच्या घराची भिंत वाकडी बांधतो का? आबा आयुष्यभर दुसऱ्याचा टेंपो चालवत आले. त्यांना कोणी भाडोत्री म्हटले नाही. त्यांचा रोज कष्टाचा आणि दादाचा मात्र बेइमानीचा, हा न्याय कुठला?

मी हे आबांना बोलून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘त्या दिवशी मी बी व्हतो तिथं. मागं उभा व्हतो.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘पकड साफ व्हती.’ दादाविषयी आबांच्या तोंडून एवढे चांगले मी त्याआधी ऐकले नव्हते.

दादा त्या पोराच्या कानात काय बोलला होता ते मला नंतर कळले. स्पर्धेनंतर आठवड्याभराने तो पोरगाच दारात आला. ‘दादा आहे का? मला तो पाय शिकायचाय.’ दादाने सांगितले होते, ‘बोनस घेताना खाली बघतोस. रेषा पायाला ठाऊक पाहिजे, डोळ्याला नाही.’ आता संध्याकाळी वसाहतीच्या एका रिकाम्या भूखंडावर सात-आठ पोरे जमतात. त्या भूखंडावर उद्या इमारत उठेल, मग दुसरा शोधावा लागेल. दादा पैसे घेत नाही, कारण पोरांकडे नाहीत. त्याची उपजीविका अजून रात्रीच्या स्पर्धांवरच आहे. तेहतिसाव्या वर्षी त्या किती दिवस पुरतील, हा प्रश्न आमच्या घरात कोणी मोठ्याने विचारत नाही. त्याचे लग्न ठरत नाही, कारण मुलीकडचे पहिला प्रश्न ‘कायम आहे का?’ असा विचारतात. हे सगळे सुटले असे सांगून लेख गोड करता आला असता, पण सुटलेले नाही.

गेल्या ९ ऑगस्टला राखीपौर्णिमा होती. आदल्या रात्री दादा रोह्याला खेळायला गेला होता. पहाटे घरी आला. डाव्या हाताची दोन बोटे सुजली होती. मी वही काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्याने एकेक पान उलटले. नागपूरच्या पानाशी हसला, कळव्याच्या पानाशी थांबला. २०२५ च्या पानावर मी आमच्या घरचा पत्ता लिहिला होता. राखी बांधता बांधता मी म्हणाले, ‘दादा, त्या दिवशी मैदानात मी मैत्रिणींना...’

‘ठाऊक आहे मला,’ तो म्हणाला. ‘हात हलवू नको, गाठ सुटेल.’

८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि नाताळाच्या दिवसापासून विमाने उडू लागली. आमच्या जुन्या मैदानाच्या बाजूनेच ती वर चढतात. संध्याकाळी पोरांचा सराव चालू असताना एखादे डोक्यावरून गेले की सगळी माना वर करून बघतात. दादा ओरडतो, ‘खाली बघू नका म्हटलं म्हणजे वर बघा म्हटलं नाही!’

माझ्या त्या दोन मैत्रिणी हा अंक वाचतील. त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मी चुकीचे दिले होते. ते आज दुरुस्त करते. डाव्या कोपऱ्यातला तो गडी आमच्या बाजूला राहत नाही. आमच्याच घरी राहतो. तो माझा सख्खा भाऊ आहे.